औषधांना न जुमानणारे जंतू

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोम येथे सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने व्याख्यान झाले. पेनिसिलिनच्या शोधासाठी फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून त्या वर्षीचे वैद्यकाचे पारितोषिक देण्यात आले होते. महायुद्ध नुकतेच संपलेले होते, आणि पेनिसिलिनने जखमी सैनिकांचे प्राण वाचविल्याच्या हकीकती सर्वांच्या तोंडी होत्या. अशा वेळी वक्त्याने कृतार्थतेचे चार शब्द बोलावेत आणि खाली बसावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु व्याख्यानाच्या अखेरीस फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक हकीकत सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखू लागतो. तो स्वतःच दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि अपुऱ्या प्रमाणात घेतो. घशातील जंतू त्याने मरत तर नाहीतच, उलट पेनिसिलिनला तोंड कसे द्यावे याचे शिक्षण मात्र त्यांना मिळते. पुढे त्याच्यापासून त्याच्या पत्नीला संसर्ग होतो, तिला न्यूमोनिया होतो, तिच्यावर पेनिसिलिनचा उपचार केला जातो, तो लागू पडत नाही आणि ती मरण पावते.

औषध बाजारात येऊन पुरती दोन-तीन वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच्या जनकाने त्याच्या पराभवाची गोष्ट सांगून ठेवावी, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. अर्थात् फ्लेमिंग यांच्याजवळ त्याला पुरावा होता. अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच, म्हणजे पेनिसिलिन रोग्यांच्या शरीरात जाण्यापूर्वीच, काही जंतूंमध्ये पेनिसिलिनचा नाश करणारा एक पाचक पदार्थ असल्याचे दाखवून दिले होते. त्याला पेनिसिलिनेज हे नाव मिळाले. कुलूप तयार होण्याआधीच किल्ली चोराच्या खिशात होती!

मात्र फ्लेमिंग यांच्या या हकीकतीत दोन गोष्टी पुढे वेगळ्याच निघाल्या. घसा धरविणारा जो स्ट्रेप्टोकॉकस जंतू, त्याने पेनिसिलिनपुढे आजतागायत मान तुकविलेली आहे. ऐंशी वर्षे त्याच्यावर या औषधाचा मारा होत आला, तरी पेनिसिलिनला दाद न देणारी त्याची जात काही पसरलेली नाही. याचे समाधानकारक कारण शास्त्रज्ञांनाही पुरतेपणी सांगता येत नाही. बंड केले ते दुसऱ्याच जंतूने, आणि तेही घरात नव्हे, रुग्णालयात. दुसरी गोष्ट त्या 'शिक्षण' या शब्दाची. जंतू औषधाशी झुंज घेता घेता शिकतो, अशी समजूत तेव्हा पुष्कळांची होती आणि आजही सामान्य माणसाची आहे. किंबहुना 'माझ्या शरीराला त्या गोळ्यांची सवय झाली, आता त्या मला लागू पडत नाहीत' असे रोगी म्हणतो, तेव्हा त्याची चूक आणखी एक पायरी पुढे गेलेली असते. सवय शरीराला होत नाही. बदल होतो तो जंतूत, आणि असा जंतू ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतली नाही अशा माणसाच्या अंगातही शिरू शकतो.

जंतू खरोखर शिकतो काय, या प्रश्नाचा निकाल १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी गणिताच्या आधारे बराचसा लावला होता. परंतु डोळ्यांना पटेल असा प्रयोग केला तो १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या पतिपत्नींनी. प्रयोगाचे साहित्य पाहिले तर गंमत वाटते. काचेच्या उथळ बशीत जंतूंच्या वसाहती वाढविलेल्या, आणि एका लाकडी ठोकळ्यावर ताणून बसविलेला मखमलीचा तुकडा. मखमल बशीवर हलकेच टेकविली म्हणजे तिच्या बारीक लवेवर प्रत्येक वसाहतीतील थोडे जंतू चिकटून येतात, आणि तीच मखमल दुसऱ्या बशीवर टेकविली की शिक्का उठावा तशी पहिल्या बशीची हुबेहूब नक्कल दुसरीत उठते. या दुसऱ्या बशीत स्ट्रेप्टोमायसिन घातलेले होते. तेथे बहुतेक जंतू मेले. एखाद्याच जागी वसाहत वाढली. आता पहिल्या, म्हणजे औषध मुळीच नसलेल्या बशीतील नेमक्या त्याच जागेवरून जंतू उचलावयाचे, ते वाढवावयाचे आणि पुन्हा तोच प्रयोग करावयाचा. असे काही वेळा केल्यावर, ज्यांना स्ट्रेप्टोमायसिनचा कधी स्पर्शही झालेला नव्हता अशा जंतूंमधून स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारी शुद्ध जात वेगळी काढता आली. म्हणजे वेगळेपणा औषधाच्या आधीपासूनच होता. औषधाने तो निर्माण केला नाही. औषधाने फक्त निवड केली.

हे कसे घडते हे समजण्यास जंतूंच्या वाढीचा वेग ध्यानात घ्यावा लागतो. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुभंगतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा तासांत ३० वेळा झाले म्हणजे एका जंतूची संतती १०० कोटींच्या वर जाते. एवढ्या नकला करताना कोठेतरी हात चुकणारच. अशा चुकीतून कधी काळी असा एखादा जंतू निपजतो, की ज्याच्यावर औषध चालत नाही. एरवी अशा विक्षिप्त जंतूला भावंडांच्या गर्दीत फारशी संधी नसते. पुष्कळदा तो त्यांच्याहून थोडा दुबळाच असतो. परंतु औषध आले, भोवतालचे सारे मेले, म्हणजे मोकळे रान त्याला एकट्याला मिळते. शेतातले पीक कापून न्यावे आणि तण तेवढे मागे ठेवावे, त्यातला हा प्रकार आहे.

आता हे सर्व एका माणसाच्या शरीरात घडले आणि तेथेच संपले, तर जगाला त्याची फारशी भीती बाळगण्याचे कारण नव्हते. भीतीचे कारण आहे रुग्णालय. ज्या एका इमारतीत जगातील सर्वांत जास्त औषध दर खाटेमागे वापरले जाते, त्याच इमारतीत सर्वांत दुबळी माणसे एकमेकांच्या शेजारी निजलेली असतात, आणि त्यांच्यामधून दिवसभर तीच माणसे, तेच हात, तीच उपकरणे फिरत असतात. जंतूंची निवड करण्यासाठी आणि निवडलेल्या जंतूंचा प्रसार करण्यासाठी याहून सोयीची जागा बुद्धिपुरस्सर बांधावयाची म्हटली तरी बांधता येणार नाही.

याचा पहिला स्पष्ट हिशेब लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मांडला गेला. मेरी बार्बर नावाच्या जंतुशास्त्रज्ञ बाई तेथे काम करीत असत. त्यांचे लक्ष होते स्टॅफिलोकॉकसवर. हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थही तोच आहे. केसतुडे, गळवे, शस्त्रक्रियेच्या जखमेतला पू, बाळंतिणीच्या स्तनातला गळू आणि रक्तात शिरला तर प्राणघातक रक्तदोष, ही सारी त्याची कामे. विशेष म्हणजे निरोगी माणसांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात तो काही एक त्रास न देता मुक्काम करून असतो. १९४६ साली बार्बरबाईंना आढळले, की रोग्यांपासून मिळालेल्या या जंतूंपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नाहीत. १९४७ च्या पूर्वार्धात हे प्रमाण ३८ टक्के झाले आणि १९४८ साली ५९ टक्के. दोन वर्षांच्या आत, एका रुग्णालयात!

आकडे धक्कादायक होतेच. परंतु बार्बरबाईंचे खरे श्रेय त्यांचा अर्थ लावण्यात आहे. पेनिसिलिन घेत असलेल्या रोग्याच्या शरीरात साधा जंतू हळूहळू चिवट बनत गेला, असे येथे झालेले नव्हते. जंतूंना मारणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंच्या साहाय्याने स्टॅफिलोकॉकसच्या पोटजाती ओळखण्याची रीत तेव्हा नुकतीच हाती आली होती. ती वापरल्यावर दिसून आले, की पेनिसिलिनेज तयार करणाऱ्या थोड्याच जाती एका रोग्यापासून दुसऱ्या रोग्याकडे, परिचारिकेच्या नाकातून तान्ह्या मुलाकडे, अशा वॉर्डभर पसरत आहेत. साध्या जातींना पेनिसिलिनने बाजूला सारावे आणि मोकळ्या झालेल्या जागी या जातींनी येऊन बसावे, असा तो क्रम होता. म्हणजे दोष एकट्या औषधाचा नव्हता आणि एकट्या अस्वच्छतेचाही नव्हता. दोन्ही एकत्र आली तेव्हा हे घडले, आणि म्हणून उपायही दोन्ही बाजूंनी करावयास हवा होता.

तो तसा केला जाण्यास मात्र आणखी दहा वर्षे लागली. कारण मधल्या काळात सर्वांनाच वाटत होते, की एक औषध गेले तर दुसरे येईल. येतही होते. स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन अशी औषधांची रांगच लागली होती. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा औषध इतके दुर्मिळ होते की त्याच्या लघवीतून ते गाळून परत त्यालाच टोचावे लागले, आणि साठा संपल्यावर, सुधारणा होत असतानाही, तो दगावला. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच हे औषध मुबलक झाले. भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशी औषधासाठी ताटकळणाऱ्या देशाला ही केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या पिढीलाच ठाऊक. मुबलकतेबद्दल कोणी तक्रार करावी असा तो काळ नव्हता.

त्याच दशकात स्टॅफिलोकॉकसच्या एका दांडग्या पोटजातीने ऑस्ट्रेलियापासून उत्तर अमेरिकेपर्यंतच्या प्रसूतिगृहांत धुमाकूळ घातला, तेव्हा डॉक्टरांचे डोळे उघडले. रुग्णालयांतील लोकरीच्या कांबळ्यांकडे प्रथमच संशयाने पाहिले गेले, कारण लोकर उकळता येत नाही; त्या जागी उकळता येतील अशी सुती पांघरुणे आली. १९५९ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे केवळ संसर्गावर नजर ठेवण्यासाठी म्हणून एका परिचारिकेची नेमणूक करण्यात आली. तेव्हा हा प्रकार कित्येकांना चमत्कारिक वाटला होता. आज जगातील बहुतेक मोठ्या रुग्णालयांतून हे पद आढळते, आणि डॉक्टरांच्या पाट्यांवर त्याचा उल्लेख नसला तरी रोग्याच्या जिवाच्या दृष्टीने ते कोणत्याही पाटीइतकेच मोलाचे आहे.

आणि हॅमरस्मिथ येथे बार्बरबाई व त्यांचे सहकारी यांनी सर्वांत अवघड गोष्ट करून पाहिली. रुग्णालयात पेनिसिलिनच्या वापरावर त्यांनी बंधने घातली. उठल्यासुटल्या ते द्यावयाचे नाही. जेथे प्रतिजैविक देणे भागच असेल तेथे शक्यतो दोन औषधे जोडीने द्यावयाची, म्हणजे एकीतून निसटलेला जंतू दुसरीत सापडेल. आणि त्याबरोबरच एका रोग्याचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये म्हणून कडक दक्षता. १९६० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णालयातील स्टॅफिलोकॉकसमधील चिवट जातींचे प्रमाण खाली आले होते. गेलेले औषध परत मिळविता येते, हे प्रथमच सिद्ध झाले होते.

हे वाचताना सोपे वाटते. परंतु त्या वॉर्डातील डॉक्टरची स्थिती कल्पनेत आणून पाहावी. समोर तापाने फणफणलेला रोगी आहे, दाराशी त्याचे नातेवाईक उभे आहेत, औषध कपाटात आहे. ते दिल्याने या रोग्याचे कदाचित भले होईल, आणि नुकसान झालेच तर ते पुढल्या वर्षी याच खाटेवर येणाऱ्या, आज ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसाचे होईल. वैद्यकाची सारी नीती समोरच्या रोग्याभोवती रचलेली आहे. न आलेल्या रोग्याचा विचार तिला कोणी शिकविलेला नव्हता. म्हणून एकट्या डॉक्टरच्या सद्‌बुद्धीवर हे काम सोडता येत नाही. बार्बरबाईंचे शहाणपण हे, की त्यांनी उपदेश केला नाही. रुग्णालयाचा नियम बदलला.

पण जंतूही स्वस्थ बसलेले नव्हते. पेनिसिलिनेजने तुटणार नाही असे मेथिसिलिन नावाचे नवे औषध १९५९ साली तयार झाले, आणि १९६१ साली त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये आढळल्याचे पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी जाहीर केले. या वेळी जंतूची युक्ती निराळी होती. पेनिसिलिनच्या घराण्यातील औषधे जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा हात धरून ठेवतात. पूर्वीचा जंतू औषधाचीच मोडतोड करीत असे. या नव्या जंतूने गवंडीच बदलला, ज्याचा हात औषधाला पकडता येत नाही असा ठेवला. याखेरीज आत आलेले औषध उपसून बाहेर फेकणारे जंतू आहेत, औषधाला आत शिरू देणारी दारेच बंद करणारे आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुन्या नमुन्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून असा निष्कर्ष काढण्यात आला, की मेथिसिलिनला न जुमानणारी ही जात १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास, मेथिसिलिन जन्मण्यापूर्वी कित्येक वर्षे, पेनिसिलिनच्याच वापरामुळे उदयास आली असावी. लेडरबर्ग दांपत्याच्या मखमलीने जे सांगितले होते, तेच पुन्हा एकदा.

जोडीने औषधे देण्याचे तत्त्व क्षयरोगाच्या बाबतीत तर पायाभूतच ठरले. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले तर रोगी सुधारतो आणि काही महिन्यांत पुन्हा ढासळतो, कारण उरलेले जंतू त्याला भीक घालीत नाहीत, हे ब्रिटनमधील १९४८ च्या प्रसिद्ध चाचणीत दिसून आले होते. १९५६ साली मद्रासला क्षयरोग चिकित्सा केंद्र सुरू झाले. तेथे झालेल्या अभ्यासातून, दोन औषधे नियमित दिली तर घरी राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, हे साऱ्या जगाला कळले. भारतीय भूमीवरचे हे काम शालेय पुस्तकांतून जेवढे यावे तेवढे आलेले नाही.

आतापर्यंतची हकीकत अशी, की एखादा जंतू चुकून वेगळा निपजतो आणि त्याचा वंश वाढतो. परंतु जपानमधून आलेल्या एका बातमीने या समजुतीलाही तडा गेला. तेथे रक्ती आवेची साथ असे. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका स्त्रीच्या शरीरात आवेचा असा जंतू सापडला, की जो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकाच वेळी दाद देत नव्हता. चार वेगवेगळ्या चुका एकाच जंतूत एकदम होणे जवळजवळ अशक्य. १९५९ पर्यंत जपानी शास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. ही चौपदरी शक्ती एका छोट्या, वेगळ्या आनुवंशिक कड्यात साठविलेली असते आणि एक जंतू दुसऱ्याला नुसत्या स्पर्शाने ते कडे देऊ शकतो. एवढेच नव्हे, तर आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा जंतू ते रोगकारक जंतूलाही देऊ शकतो, मग त्यांची जात वेगळी का असेना. माणसांच्या जगात पिढ्यान्‌पिढ्यांनी जे साधते ते जंतूंच्या जगात शेजारधर्माने साधते, असे म्हटले तरी चालेल.

आजच्या रुग्णालयांपुढील मोठी चिंता याच शेजारधर्मातून आलेली आहे. भारताच्या दृष्टीने तिचा एक प्रसंग कटू आहे. मूळचे भारतीय असलेले स्वीडनमधील एक रहिवासी दिल्लीत रुग्णालयात राहून २००८ च्या जानेवारीत स्वीडनला परतले. त्यांच्या लघवीत क्लेबसिएला जातीचा जो जंतू सापडला, त्याच्यावर कार्बापेनेम वर्गातील, म्हणजे हाताशी राखून ठेवलेली अखेरची प्रभावी औषधेही चालेनात. त्या जंतूतील औषध तोडणाऱ्या पदार्थाला शास्त्रज्ञांनी 'नवी दिल्ली'चे नाव दिले. २०१० साली हे वृत्त जगभर गाजले तेव्हा आपल्याकडे मोठा संताप व्यक्त झाला. राजधानीचे नाव एका रोगलक्षणाला चिकटावे, हे बोचणे स्वाभाविकच होते. परंतु नावाचा वाद एका बाजूस ठेवला तरी वस्तुस्थिती उरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हीच जनुके आढळली. सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यात जेथे पुरेसे अंतर नाही, तेथे रुग्णालयाची भिंत जंतूंना अडवू शकत नाही.

संपन्न देशांतही ती नेहमी अडविते असे नाही. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २०११ च्या जूनमध्ये असाच क्लेबसिएला अंगी असलेली एक स्त्री रोगी दाखल झाली. काय आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते. तिला पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले होते. ती बरी होऊन घरी गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या रोग्यात तोच जंतू निघाला, मग तिसऱ्यात, आणि अखेर १८ जणांत. त्यांपैकी ११ मरण पावले. ६ जणांचा मृत्यू या जंतूमुळेच झाला. शास्त्रज्ञांनी प्रत्येक जंतूचे आनुवंशिक द्रव्य अक्षर अन् अक्षर वाचून साथीची वंशावळ मांडली, तेव्हा सारे धागे त्या पहिल्या रोग्याकडेच पोहोचले. मधल्या काळात काही माणसे अंगात जंतू घेऊन, कोणतेही लक्षण न दाखविता, वॉर्डात वावरत होती. हात धुण्याच्या मोऱ्यांच्या नळ्यांत तो सापडला, आणि स्वच्छ करून ठेवलेल्या एका श्वसनयंत्रावरही. नवी भिंत बांधावी लागली, नळ उखडावे लागले, खोल्या जंतुनाशक वाफेने भराव्या लागल्या, हात धुतले जातात की नाही हे पाहण्यासाठी माणसे उभी करावी लागली, तेव्हा कोठे साथ आटोक्यात आली.

हात धुण्याचा प्रश्न तसा जुनाच. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास लावले, तेव्हा एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. त्यानंतर दीडशे वर्षे उलटली, तरी सुशिक्षित डॉक्टर रोग्याला हात लावण्यापूर्वी हात धुतोच असे नाही. जिनेव्हाच्या रुग्णालयात डिडिये पिटे यांनी १९९४ साली मोजणी केली, तेव्हा धुवावयास हवे अशा शंभर प्रसंगांपैकी ४८ वेळाच हात धुतले जात होते. पिटे यांनी दोष स्वभावाला दिला नाही, वेळेला दिला. ज्या परिचारिकेला तासात कित्येकदा हात धुवावे लागतात, तिने प्रत्येक वेळी मोरीपर्यंत जाऊन साबण लावायचा म्हटले तर तिचे दुसरे कामच होणार नाही. म्हणून मद्यार्कयुक्त द्रावणाची बाटली प्रत्येक खाटेशी ठेवण्यात आली. १९९७ पर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले. पूर्ण शंभर टक्के कधीच झाले नाही; तरीही एवढा फरक पडला.

इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस रक्तात शिरल्याच्या सुमारे ७,७०० घटना २००३-०४ या वर्षात नोंदल्या गेल्या होत्या. प्रत्येक रुग्णालयावर अशी नोंद देण्याची सक्ती झाली, आकडे जाहीर होऊ लागले, शिरेतील नळ्या बसविण्याची आणि काढण्याची शिस्त लागली, दाखल होणाऱ्यांची तपासणी होऊ लागली. २०१०-११ मध्ये तो आकडा सुमारे १,५०० वर आला. यात नव्या औषधाचा वाटा थोडा आणि हिशेबाच्या वहीचा मोठा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतात ही वही उशिरा उघडली, पण उघडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली देशातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचे एक जाळे उभारले. २०१४ च्या मार्चपासून चोवीस प्रतिजैविकांसह काही औषधे एका वेगळ्या अनुसूचीत घालण्यात आली. ती विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे सांभाळावी असा नियम झाला. २०१७ साली राष्ट्रीय कृतियोजना आली, २०१८ साली केरळने स्वतःची योजना आखली. २०१९ साली कोलिस्टिन हे अखेरच्या उपायाचे औषध कोंबड्या व अन्य खाद्य प्राण्यांना देण्यास मनाई करण्यात आली. नियम आहेत, गल्लीतल्या दुकानात चिठ्ठीवाचून गोळ्या मिळतात हेही तितकेच खरे आहे. परंतु सरसकट विक्री आवळण्यापूर्वी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या खेड्यापासून डॉक्टर वीस कोसांवर आहे, तेथील न्यूमोनिया झालेले मूल साध्या, स्वस्त प्रतिजैविकावाचून आजही दगावते. एकीकडे औषधाचा अतिरेक आणि दुसरीकडे औषधाचा अभाव, अशा दोन्हींनी एकाच देशात माणसे मरत आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सामान्य माणसाला नेहमी सांगितले जाते, की औषधाचा ठरलेला क्रम पुरा करावा. क्षयासारख्या रोगात याला पर्याय नाही. परंतु इतर कित्येक संसर्गांत थोड्या दिवसांचा उपचारही तेवढाच गुणकारी असल्याचे अलीकडे दिसून आलेले आहे, आणि जितके दिवस औषध पोटात, तितके दिवस आतड्यातील निरुपद्रवी जंतूंची निवड चालू राहते. शस्त्रक्रियेपूर्वी, छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात दिलेली प्रतिजैविकाची एक मात्रा बहुधा पुरेशी असते. पुढे आठवडाभर ती देत राहण्याची रूढी काही ठिकाणी अजून टिकून आहे, ती भीतीपोटी. किती दिवस घ्यावयाचे हे रोग्याने ठरवू नये, हे खरेच. पण डॉक्टरनेही ते सवयीने ठरवू नये.

जेथे शिस्त आहे अशा वॉर्डात हे काम कसे चालते? रोगी गंभीर अवस्थेत येतो, तेव्हा औषध टोचण्यापूर्वी रक्ताचा आणि लघवीचा नमुना घेतला जातो. ही दोन मिनिटे चुकली तर पुढे सारा अंधार. मग उशीर न करता जोरकस औषध सुरू होते, कारण तेथे वाट पाहणे म्हणजे प्राणाशी खेळ. प्रयोगशाळेत जंतू वाढतो, निरनिराळ्या औषधांच्या चकत्यांभोवती तो कोठे मरतो आणि कोठे नाही हे पाहिले जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अहवाल वॉर्डात येतो. तो घेऊन जंतुशास्त्रज्ञ, औषधांचा जाणकार आणि संसर्गावर नजर ठेवणारी परिचारिका खाटेशी येतात. तीन औषधांपैकी दोन बंद होतात. तिसऱ्याच्या जागी एखादे जुने, साधे, स्वस्त औषध येते. परिचारिका तक्त्यावरची तारीख पाहते, मूत्रनलिकेची आता गरज उरली आहे काय असे विचारते, आणि नसेल तर ती त्याच दुपारी काढली जाते.